केजीडीबी वाचताना

लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्स८६ प्रोसेसरच्या कप्प्यात 'केजीडीबी डॉट सी' नावाची एक फाइल आहे. तिच्या डोक्यावर वीस-बावीस ओळींची टिप्पणी आहे. कंपायलर ती वाचतच नाही. ती माणसांसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यात जवळपास नुसती नावंच आहेत. कोड लिहिणाऱ्यांत पहिलं नाव ग्लेन एंगल यांचं आणि त्याआधी त्यांच्या खात्याचं: लेक स्टीव्हन्स इन्स्ट्रुमेंट डिव्हिजन. हा अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा मोजमापाची उपकरणं बनवणारा विभाग. त्याखाली सिग्नस कंपनीचे जिम किंग्डन, ज्यांनी हा कोड ३८६ प्रोसेसरवर आणला. मग डेव्हिड ग्रोथ, ज्यांनी तो लिनक्सच्या २.१ मालिकेशी जुळवला. मग टिग्रान ऐवाझियान, ज्यांनी तो २.२.५ आवृत्तीवर चढवला. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक ओळ: 'अद्ययावत केलं – अमित काळे, व्हेरिटास'.

व्हेरिटास सॉफ्टवेअरचं एक मोठं विकास केंद्र पुण्यात होतं. टिप्पणीच्या वरच्या भागात, स्वामित्वहक्काच्या ओळींमध्ये, २००४ सालासमोर आणखी एक नाव येतं: लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड. ही कंपनीही पुण्याचीच. जगभरातल्या सर्व्हरांत, राउटरांत आणि मोबाइलांत जो कर्नल चालतो, त्याच्या एका मूळ फाइलवर पुण्याचा असा शिक्का आहे, आणि आपल्याकडे संगणकशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटला बसून हा कोड वाचायला काही अडचण नाही, तो उघडा आहे आणि फुकट आहे. अडचण एवढीच, की कोड हा वाचायचा असतो असं आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे रसग्रहण.

(त्याच टिप्पणीत 'ओरिजिनल' या इंग्रजी शब्दाची दोन अक्षरं उलटसुलट पडली आहेत. हजारो डोळ्यांखालून गेलेली ही चूक वर्षानुवर्षं तशीच आहे. मला ती आवडते. ज्या फाइलीत एक बिट चुकला तर यंत्र कोसळतं, तिच्यात माणसाची एवढी तरी खूण असावी.)

केजीडीबी हा कर्नलचा डीबगर. साध्या प्रोग्रामला डीबगर लावणं सोपं असतं: प्रोग्राम थांबतो, पण त्याखालची ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते. पडदा, कीबोर्ड, डिस्क सगळं जागच्या जागी असतं. पण ऑपरेटिंग सिस्टिमच थांबवायची असेल तर? तिला थांबवलं की पडद्यावर अक्षर उमटवणारंही कुणी उरत नाही. त्यामुळे दोन यंत्रं घ्यायची आणि मध्ये सिरियल केबल जोडायची. एका यंत्रावर जीडीबी हा नेहमीचा डीबगर, आणि ज्याची तपासणी करायची त्याच्या कर्नलमध्ये एक छोटा तुकडा, ज्याला स्टब म्हणतात. स्टबने फारसं डोकं चालवायचं नाही. विचारलं तेवढं सांगायचं.

या कामाच्या अटी कडक आहेत. स्टब जागा होतो तेव्हा बाकी सारं गोठलेलं असतं. नवी मेमरी मागता येत नाही, कारण मेमरी देणारं खातंच कदाचित बिघडलेलं असेल. कुलूप लावून वाट पाहता येत नाही, कारण कुलपाचा मालक झोपलेला असतो आणि तो उठणार नाही. सिरियल पोर्टवर अक्षर आलं का, हे पुन्हा पुन्हा स्वतःच जाऊन पाहावं लागतं. या कोडची शैली याच टंचाईतून आली आहे. वाक्यं आखूड, बफर आधीच राखून ठेवलेले, कुणावर भिस्त नाही.

आता एक ओळ जवळून पाहू. दोन यंत्रांमधला संवाद साध्या अक्षरांत चालतो. जीडीबीला सगळी रजिस्टरं हवी असली की तो केबलवरून पाच अक्षरं पाठवतो: डॉलरचं चिन्ह, मग लहान 'जी', मग हॅशचं चिन्ह, मग ६ आणि ७. डॉलर म्हणजे निरोप सुरू. 'जी' म्हणजे रजिस्टरं सांग. हॅश म्हणजे निरोप संपला. ६७ ही पडताळणीची बेरीज: निरोपातल्या सगळ्या अक्षरांचे आकडे मिळवायचे, २५६ने भागायचं आणि उरलेली बाकी सोळाच्या पायात दोन अंकांत लिहायची. 'जी' या अक्षराचा आकडा त्या पायात ६७च आहे, म्हणून बेरीज ६७. निरोप नीट पोचला तर समोरून अधिकचं चिन्ह येतं, बिघडून पोचला तर उणेचं. 'एम' म्हटलं की मेमरी वाचायची, 'सी' म्हटलं की पुढे चालू लागायचं, 'एस' म्हटलं की फक्त एक पाऊल टाकायचं. प्रश्नचिन्ह पाठवलं तर थांबण्याचं कारण सांगायचं. केबलवर कान लावून माणसालाही हे वाचता येईल इतकं ते उघडं आहे, आणि त्या काळच्या अभियंत्यांनी ते तसं वाचलंही असणार.

या संवादात प्रोसेसरचं नाव कुठेच येत नाही. 'जी'ला उत्तर म्हणून किती रजिस्टरं आणि कोणत्या क्रमाने पाठवायची हे प्रोसेसरगणिक बदलतं, पण विचारण्याची रीत बदलत नाही. आमच्या किनवटच्या बाजारात एकच भाजीवाली एका गिऱ्हाइकाला मराठीत, दुसऱ्याला तेलुगूत, तिसऱ्याला गोंडीत आणि चौथ्याला बंजारा बोलीत भाव सांगते. तराजू मात्र तोच असतो. केजीडीबीची सगळी कारागिरी तराजू कोणता आणि बोली कोणती हे अचूक ओळखण्यात आहे. पोर्टिंग म्हणजे हीच निवड. ती चुकली की प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी सगळं दुकान नव्याने मांडावं लागतं.

या फाइलीची पूर्वपीठिकाच पोर्टिंगची आहे. एंगल यांचा मूळ स्टब मोटोरोलाच्या ६८००० कुळातल्या प्रोसेसरसाठी होता आणि ह्यूलेट-पॅकार्डने तो सार्वजनिक वापरासाठी मोकळा सोडला. किंग्डन यांनी तो इंटेलच्या ३८६वर नेला. त्या स्टबमध्ये आलेला निरोप साठवण्याच्या जागेचं नाव 'रेमकॉम-इन-बफर' असं काहीसं होतं. आजच्या कर्नलमध्ये ते नाव, फक्त अंडरस्कोर घालून, जसंच्या तसं आहे. प्रोसेसर गेला, कंपनीचा तो विभाग गेला, भोवतालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, पण एका चलाचं नाव टिकलं. साहित्यात आपण पाठभेद शोधतो. इथे इतके हात फिरूनही पाठ शाबूत राहिलाय, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

अमित काळे यांच्या वाट्याला हा कोड आला तेव्हा तो कर्नलच्या बाहेर पॅच म्हणून जगत होता. पॅच म्हणजे मूळ कर्नलवर वरून चढवायचे बदल. कर्नलची नवी आवृत्ती आली की ते उसवतात आणि पुन्हा शिवावे लागतात. २००४च्या सुमारास हा पॅच त्यांनी तोडून मांडला: प्रोसेसरशी ज्याला देणंघेणं नाही तो गाभा वेगळा, आय३८६साठी वेगळा, एक्स८६-६४साठी वेगळा, पॉवरपीसीसाठी वेगळा, सिरियल पोर्टसाठी वेगळा. त्याच सुमारास अँड्र्यू मॉर्टन यांच्या प्रायोगिक कर्नलमध्ये जॉर्ज अँझिंगर यांचा दुसरा केजीडीबी होता. दोन्हींचे समर्थक होते आणि दोन्हींत सोयी होत्या. पण पुढे टिकला तो तोडून मांडलेला आराखडा. पावेल माखेक, टॉम रिनी, मग विंड रिव्हरचे जेसन वेसल यांच्या हातून जात आणि इंगो मोल्नार यांची साफसफाई सोसत तो १३ जुलै २००८ रोजी आलेल्या २.६.२६ आवृत्तीत मूळ कर्नलचा भाग झाला. गाभ्याच्या फाइलीवर आजही काळे यांच्या नावासमोर २००३-२००४ आणि लिनसिससॉफ्टच्या नावासमोर २००४-२००६ अशी सालं आहेत.

या तोडणीचं फळ बघायचं असेल तर गाभा सोडून बोलीच्या फाइली उघडाव्यात. बहुतेक प्रोसेसरांच्या फाइलींत एक छोटी रचना असते आणि तिच्यात पहिलीच नोंद असते ती थांबवण्याच्या सूचनेची. डीबगरला एखाद्या ठिकाणी प्रोसेसर थांबवायचा असेल तर तो तिथली खरी सूचना उचलून बाजूला ठेवतो आणि तिच्या जागी ही थांब्याची सूचना पेरतो. एक्स८६मध्ये ती एका बाइटची आहे: 'सीसी'. एका बाइटमुळे ती कुठेही मावते. आर्मच्या ३२-बिट प्रोसेसरवर चार बाइटची आहे: एफई, डीई, एफएफ, ई७. आणि लगेच पुढच्या ओळीत, उलट्या बाइटक्रमाच्या यंत्रासाठी, तेच चार बाइट उलटे: ई७, एफएफ, डीई, एफई. दोन ओळी, एकमेकींच्या आरशातल्या. मिप्सच्या फाइलीतही असंच प्रतिबिंब आहे. छंदाच्या दृष्टीने पाहिलं तर या कोडमधली ही सर्वांत देखणी जागा.

आर्मची सूचना खरं तर सूचनाच नाही. त्या प्रोसेसरने 'याचा अर्थ कधीच ठरणार नाही' असं सांगून राखून ठेवलेला तो आकडा आहे. प्रोसेसर तो वाचतो, गोंधळतो, कर्नलकडे तक्रार करतो, आणि कर्नल म्हणतो, हा तर आपल्याच माणसाने पेरलेला आकडा आहे. मग तो केजीडीबीला बोलावतो. अर्थहीनतेचा इतका नेटका वापर मी क्वचित पाहिला आहे.

आर्ममध्ये असे आकडे दोन आहेत, फक्त शेवटच्या अंकाने वेगळे: एकाच्या शेवटी 'ई', दुसऱ्याच्या शेवटी 'एफ'. पहिल्यांदा वाचताना वाटतं, एवढा बारीक फरक कशाला? कारण असं: डीबगरने पेरलेला थांबा तात्पुरता असतो. पुढे जाताना तो काढून खरी सूचना परत ठेवली जाते, म्हणून प्रोसेसरला त्याच पत्त्यावर परत पाठवायचं. पण कोडमध्येच कायमचा लिहिलेला थांबा निघत नाही. प्रोसेसरला तिथेच परत पाठवलं तर तो त्याच जागी पुन्हा थांबणार, पुन्हा थांबणार, आणि तिथून सुटणारच नाही. म्हणून त्या दुसऱ्या प्रकारात चार बाइट पुढे ढकलायचं. कोडमधली टिप्पणीही हेच सांगते, त्याच पुनरुक्तीच्या सुरात. एक्स८६मध्ये गोष्ट बरोबर उलटी आहे: तिथे थांब्यावर थडकल्यानंतर प्रोसेसरचा पत्ता एका बाइटने पुढे गेलेला असतो, म्हणून पेरलेल्या थांब्यासाठी एक वजा करावा लागतो आणि कायमच्या थांब्यासाठी काहीच करावं लागत नाही. एका घरी चार मिळवायचे, दुसऱ्या घरी एक वजा करायचा. हा फरक गाभ्यात शिरू दिलेला नाही, तो ज्याच्या त्याच्या फाइलीत ठेवला आहे. गाभा फक्त विचारतो, 'पत्ता काय?' उत्तर देताना कुणी काय हिशोब केला याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

पोर्ट करणाऱ्याचा कस लागतो तो 'एस'ला, म्हणजे एकच पाऊल टाकण्याला. एक्स८६वर हे एका ओळीचं काम. ध्वजांच्या रजिस्टरमध्ये 'टीएफ' नावाचा एक बिट चढवायचा, प्रोसेसर एक सूचना चालवतो आणि आपण होऊन थांबतो. हार्डवेअरने ही सोय फार पूर्वीपासून दिली आहे. पण रिस्क-पाच या नव्या, खुल्या आराखड्यावर कर्नलला अशी सोय मिळत नाही. तिथल्या केजीडीबीत, जो २०२०मध्ये कर्नलमध्ये आला, आधी समोरची सूचना उलगडून वाचावी लागते. ती साधी बेरीज असेल तर पुढची सूचना लागलीच पुढे. ती उडी असेल तर कुठे पडणार याचा पत्ता काढायचा. ती सशर्त उडी असेल तर दोन रजिस्टरं खरोखर ताडून पाहायची आणि अट खरी ठरते का हे आधीच ठरवायचं. मग त्या पुढच्या पत्त्यावर थांबा पेरायचा, प्रोसेसरला सोडायचं, थडकला की थांबा काढायचा. त्यातही तिथे सूचना दोन बाइटची असू शकते किंवा चारची, म्हणून थांब्याच्या सूचनाही दोन ठेवल्या आहेत. एक्स८६मध्ये एका ओळीत झालं ते इथे पानभर झालं. पण ते पानभर सगळं रिस्क-पाचच्या फाइलीत राहिलं. २००४मध्ये पुण्यात मांडलेली वाटणी तोवर अस्तित्वातच नसलेल्या प्रोसेसरलाही पुरली. आराखड्याची परीक्षा अशीच होते.

मधल्या काळात, २०१४मध्ये, ६४-बिट आर्मसाठीचा पोर्ट आला. त्या फाइलीवर केव्हियम कंपनीचं २०१३ साल आणि विजयकुमार के. यांचं नाव आहे. तिथे थांब्याच्या सूचनेतच एक आकडा गुंफता येतो, त्यामुळे तात्पुरता थांबा आणि कायमचा थांबा यांना वेगळे आकडे देऊन टाकले. ३२-बिट आर्मवर जे युक्तीने साधावं लागलं, ते इथे आराखड्यातच होतं. हा पोर्ट वाचायला सर्वांत सोपा आहे. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

सगळंच कौतुकाचं नाही. एक्स८६च्या फाइलीतला हार्डवेअर ब्रेकपॉइंटांचा भाग मला अजून पटलेला नाही. तिथे गाभ्याच्या गोष्टी आणि प्रोसेसरच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि ती वाटणी, जी बाकी ठिकाणी इतकी स्वच्छ आहे, तिथे ढासळते. सगळ्या प्रोसेसर-गाभ्यांना एकदम थांबवण्याचा प्रश्नही तसाच. एक्स८६वर न टाळता येणारा इंटरप्ट पाठवून सगळ्यांना बोलावता येतं. इतर बऱ्याच ठिकाणी साधा इंटरप्ट पाठवावा लागतो, आणि ज्याने इंटरप्ट बंद करून ठेवलेत तो प्रोसेसर हाक ऐकतच नाही. कोड कितीही चांगला लिहिला तरी हार्डवेअरने जे दिलं नाही ते उसनं आणता येत नाही.

उलट, या कोडमधलं सर्वांत मोठं सुधारकाम म्हणजे एक काढून टाकलेला भाग. चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वाचायला गेलं तर स्टबच कोसळेल, म्हणून जुन्या पॅचांत प्रत्येक प्रोसेसरसाठी असेंब्लीत लिहिलेली एक सुटकेची उडी होती: चूक झाली की आधी जपून ठेवलेल्या जागी परत या. म्हणजे प्रत्येक नव्या पोर्टसाठी थोडी असेंब्ली लिहिणं आलंच. २००८मध्ये विलीन करताना ती उडी गेली आणि तिच्या जागी कर्नलचंच एक फंक्शन आलं, जे मेमरी वाचण्याचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर मुकाट्याने चूक कळवतं. पोर्ट करणाऱ्याचा एक दिवसाचा, कदाचित आठवड्याचा त्रास वाचला. कोडच्या इतिहासात पुसलेल्या ओळींचं श्रेय सहसा कुणाला मिळत नाही.

लिनक्सचे निर्माते लिनस टॉरवाल्ड्स यांना डीबगर आवडत नाहीत. २०००मध्ये त्यांनी ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की डीबगर हाती असला की माणूस कोड समजून घेण्याऐवजी लक्षणांवर इलाज करतो. हे म्हणणं मला अर्धं पटतं. केजीडीबी कित्येक वर्षं दाराबाहेर उभा राहिला त्याचं एक कारण हा विरोध. पण त्या विरोधाने त्याचं भलंही झालं. आत घ्यायचं असेल तर तो छोटा हवा, कुणाच्या वाटेत न येणारा हवा आणि कर्नलच्या बाकीच्या भागाला हात न लावणारा हवा, ही अट पडली. आज जी शिस्त दिसते तिच्यात त्या नकाराचाही वाटा आहे.

आता थोडं आपल्या भागाबद्दल. रिस्क-पाचवर भारतात काम चालू आहे: आयआयटी मद्रासचा 'शक्ती', सी-डॅकचा 'वेगा'. नवा प्रोसेसर आला की त्यावर कंपायलर लागतो, कर्नल लागतो आणि कर्नल कोसळला की तो का कोसळला हे सांगणारा डीबगर लागतो. ही कामं करणारी माणसं नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून का येऊ नयेत? आता त्यासाठी दोन यंत्रं आणि सिरियल केबलही लागत नाही. क्यूईएमयू नावाचा फुकट प्रोग्राम एकाच लॅपटॉपवर आर्म किंवा रिस्क-पाचचं यंत्र उभं करतो आणि त्याचा सिरियल पोर्ट जीडीबीला जोडून देतो. कर्नलमध्येच केजीडीबीटीएस नावाची चाचणी आहे, जी जीडीबीचं सोंग घेऊन स्टबशी बोलते. थांबा पेरून, थडकून, एक पाऊल टाकून ती पाहते आणि पोर्ट बरोबर झाला की नाही हे सांगते.

तेव्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, लातूरच्या महाविद्यालयांत आणि आमच्याकडच्या छोट्या महाविद्यालयांतही ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. पुस्तकातल्या आकृत्या आहेत तशा राहू द्या. पण सत्रातले दोन तास काढा आणि वर्गात आर्मची आणि रिस्क-पाचची केजीडीबीची फाइल शेजारी-शेजारी उघडून मुलांकडून वाचून घ्या. मग वर जाऊन एक्स८६च्या फाइलीतली नावं वाचायला सांगा.